शेवटच्या पानावरची बारीक ओळ

प्रति,
मराठी दैनिकांचे मालक, संचालक आणि विश्वस्त यांस,



तुमच्या दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ रोज छापून येते. मुद्रक आणि प्रकाशक कोण, मालकी कोणाची, छापखाना कुठल्या गावी, हे सगळे तिच्यात असते. संपादकाचे नावही तिथेच असते आणि त्या नावावर अनेकदा एक चांदणी असते. चांदणीचा खुलासा आणखी बारीक टायपात, ओळ संपता संपता केलेला असतो: बातम्यांच्या निवडीची कायद्याने येणारी जबाबदारी या व्यक्तीची. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. मी हे पत्र तिच्याविषयीच लिहीत आहे, कारण मराठी वृत्तपत्रांचे आज जे बिघडले आहे त्यातला मोठा भाग मला या एका ओळीत दिसतो. १८६७ च्या वृत्तपत्र नोंदणी कायद्यात संपादकाची व्याख्या फार थोडक्यात होती. वृत्तपत्रात काय छापायचे याची निवड ज्याच्या ताब्यात, तो संपादक. इंग्रजांनी तो कायदा केला छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी, पण व्याख्या मात्र चोख केली. आता तो कायदा गेला आणि १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा आला, तरी वाचकाच्या लेखी संपादक या शब्दाचा अर्थ तोच आहे. मग तुमच्या दैनिकात उद्या काय येणार, पहिल्या पानावर काय आणि आत काय, हे ठरवणे त्या चांदणीवाल्या माणसाच्या हातात उरले आहे का? अब्रूनुकसानीचा खटला झाला तर समन्स त्याच्या नावाने निघते. जबाबदारी त्याची आणि निवड दुसऱ्याच कोणाची, अशी स्थिती असेल तर ती त्या माणसावर अन्याय करणारी आहे आणि वाचकाला फसवणारी आहे.

हे सगळे सांगण्यासाठी मला ‘महाराष्ट्र टाइम्स’चे एके काळचे संपादक गोविंद तळवलकर यांचे उदाहरण घ्यायचे आहे. २२ जुलै २०२५ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्यांच्या कारकिर्दीकडे एका विद्वान माणसाचे चरित्र म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. माझी तुम्हाला विनंती आहे की क्षणभर तिच्याकडे एका पगारदार माणसाची नोकरी म्हणून पाहा. टिळक, आगरकर, आंबेडकर, अत्रे हे स्वतःच्या पत्राचे धनी होते किंवा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते काढले होते. त्यांना दुसऱ्या कोणाची चाकरी नव्हती. तळवलकर मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याच्या मालकीच्या दैनिकात पगारावर होते. म्हणूनच तुमच्याशी बोलताना त्यांचे उदाहरण कामाचे आहे. टिळकांसारखा संपादक तुम्ही नेमू शकत नाही, कारण तसा माणूस नेमला जातच नाही. तळवलकरांसारखा संपादक मात्र एका मालकाने नेमला, ठेवला आणि वाढू दिला. तसे करणे व्यवहारात जमते, याचा तो मराठीतला सगळ्यात मोठा पुरावा आहे.

नोकरीचा तपशील असा. डोंबिवलीत जन्मलेला हा माणूस शंकरराव देवांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘नवभारत’ मासिकापासून या धंद्यात आला. नंतर ‘लोकसत्ते’त ह. रा. महाजनी यांच्या हाताखाली त्यांनी सुमारे बारा वर्षे काढली. महाजनी वाईच्या संस्कृत परंपरेतून आलेले आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी घडलेले संपादक. तळवलकरांच्या विचारांवर रॉय यांचा जो ठसा पुढे कायम राहिला त्याची मशागत त्या काळातली. १८ जून १९६२ रोजी मुंबईत ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. द्वा. भ. कर्णिक त्याचे पहिले संपादक. तळवलकर तिथे आले आणि १९६८ मध्ये संपादक झाले. १९९६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची त्यांच्याकडे होती. म्हणजे खुर्चीवर बसण्याआधी दीड तपाची उमेदवारी आणि बसल्यावर सलग सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे. त्यानंतर ते अमेरिकेत गेले आणि २१ मार्च २०१७ रोजी ह्यूस्टनमध्ये वारले, तोवर लिहीतच होते.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. ज्याला आज आपण तळवलकरांची विद्वत्ता म्हणतो, ती त्यांनी घरून आणली असे म्हणून आपण मोकळे होतो. बुद्धी घरची असेल; पण विद्वत्ता कामातून साठत जाते, आणि साठायला वेळ लागतो. ते संपादक झाले त्याच वर्षी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. या तेवीस वर्षांत ब्रेझनेव्ह गेले, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को आले नि गेले, गोर्बाचेव्ह आले. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात या सगळ्याचा अर्थ लावणारा माणूस मात्र तोच होता. त्यातून ‘सोविएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ हा ग्रंथ उभा राहिला. दर अडीच वर्षांनी संपादक बदलला असता तर या काळात नऊ माणसांनी नऊ वेळा शून्यापासून सुरुवात केली असती. प्रत्येकाने त्या त्या दिवसाचा अग्रलेख कदाचित बरा लिहिला असता. पण धागा कोणाच्याच हातात राहिला नसता.

हीच गोष्ट सत्तांतराच्या विषयाची. ब्रिटिश सरकारने १९७० ते १९८३ या काळात भारताच्या सत्तांतराची कागदपत्रे बारा खंडांत प्रसिद्ध केली. व्हाइसरॉय आणि लंडन यांच्यातल्या तारा, टिपणे, पत्रे असा हा हजारो पानांचा मजकूर. इंग्रजीत तो अभ्यासकांच्या कपाटात गेला. तळवलकरांनी तोच विषय ‘सत्तांतर’च्या तीन खंडांत मराठी वाचकासमोर मांडला, आणि हे त्यांनी दैनिक चालवता चालवता केले. क्रिप्स शिष्टाई काय होती, कॅबिनेट मिशनची योजना कुठे फिसकटली, फाळणीचा निर्णय कोणाच्या कोणत्या आडमुठेपणातून झाला, यावर मराठीत वाद घालताना आधार म्हणून हाताशी घ्यायला एक ग्रंथ झाला. जो मालक संपादकाकडून महिन्याला किती ‘उपक्रम’ झाले आणि पुरवण्यांतून किती जाहिरात आली याचा हिशेब मागतो, त्याच्याकडे असा ग्रंथ निपजणे शक्य नाही, कारण एक एक खंड वाचून त्यावर टिपणे काढायला लागणारे तास त्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. ‘वाचता वाचता’ हे त्यांचे पुस्तकांवरचे सदर घ्या. आठवड्याला एक नवे इंग्रजी पुस्तक वाचून त्याचे सार मराठीत देणारा संपादक ही चैन नव्हती. त्या सदरामुळे जिल्ह्याच्या गावी बसलेल्या एखाद्या शिक्षकाला जगात काय लिहिले जात आहे याची खबर लागत होती, आणि तीही त्याच्या भाषेत.

लांब कारकिर्दीचा दुसरा एक फायदा आहे, आणि मला तो पहिल्याहून मोठा वाटतो. बराच काळ बसलेल्या संपादकाला स्वतःच्या जुन्या शब्दांना उत्तर द्यावे लागते. तळवलकरांच्या काळात बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बावीस वर्षांनी, १९९१ मध्ये, अर्थव्यवस्था खुली झाली. काँग्रेस फुटली, बांगलादेशचे युद्ध झाले, महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, आणीबाणी आली आणि उठली, जनता पक्ष सत्तेवर आला आणि विस्कटला, गिरण्यांचा संप झाला, मुंबईत दंगली आणि बॉम्बस्फोट झाले, लातूर-किल्लारीची जमीन हादरली, १९९५ मध्ये राज्यात युतीचे सरकार आले. या प्रत्येक वळणावर वाचक त्यांना विचारू शकत होता, की मागे तुम्ही असे म्हणाला होता, आता असे का म्हणता? मत बदलले असेल तर कारण द्यावे लागणार, आणि बदलले नसेल तर नव्या पुराव्याला तोंड द्यावे लागणार. या जाचातून लिहिणाऱ्याला शिस्त लागते. आज अठरा महिन्यांनी बदलणाऱ्या संपादकाला हा जाच नाही. कालचे मत मागच्या माणसाचे होते, उद्याचे पुढच्याचे असेल. वृत्तपत्राला स्मरण असते ते संपादकामुळे, आणि ते स्मरणच तुम्ही दर थोड्या काळाने पुसून टाकता.

आता तुमचे आक्षेप. ते मला ठाऊक आहेत आणि त्यातले काही खरेही आहेत.

तुम्ही म्हणाल, तो काळ सोपा होता. दोन-चार पत्रे, वाचक बांधलेला, टीव्ही नाही, मोबाइल नाही. पण १९६२ ची मुंबई डोळ्यांपुढे आणा. ‘लोकसत्ता’ जम बसवून होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून निघालेला अत्र्यांचा ‘मराठा’ गर्जत होता. ‘नवशक्ती’ होता, ‘नवाकाळ’ तर १९२३ पासूनचा. पुण्यात ‘सकाळ’ आणि ‘केसरी’. या गर्दीत एक नवे दैनिक शिरले आणि त्याने शांत सुराचा, संदर्भ देऊन बोलणारा अग्रलेख ही आपली ओळख केली. अत्र्यांच्या तोडीची गर्जना करायला ते दैनिक गेले नाही. स्पर्धा होती म्हणूनच वेगळे काहीतरी धरून राहण्याची गरज होती, आणि ते वेगळेपण संपादक नावाच्या एका माणसात होते. आजची स्पर्धा त्याहून कडवी आहे हे मान्य. पण बातमी आदल्या रात्रीच वाचकाच्या मोबाइलवर पोहोचलेली असते, म्हणून सकाळच्या कागदात तिचा अर्थ सांगणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागतो. तुम्ही मात्र खर्च कमी करताना पहिली कात्री त्याच माणसाला लावली. जी गोष्ट मोबाइल फुकट देतो ती छापत राहायचे आणि जी तो देत नाही ती काढून टाकायची, हा कोणता व्यवहार?

अग्रलेख आता कोणी वाचत नाही, असेही तुम्ही म्हणाल. वाचणारे नेहमीच थोडे होते. तळवलकरांच्या काळातही बहुसंख्य वाचक क्रिकेट, सिनेमा आणि गावाकडची बातमी वाचूनच अंक घडी करत असणार. पण ज्या थोड्यांनी अग्रलेख वाचला त्यात मंत्रालयातला सचिव होता, आमदार होता, प्राध्यापक होता, विरोधी पक्षाचा कार्यकर्ता होता, आणि स्पर्धा परीक्षेला बसणारा मुलगा होता. अग्रलेखाचा परिणाम वाचकांच्या संख्येवर मोजला तर हाती काही लागत नाही. तो कोणाला अडचणीत आणतो आणि कोणाला शब्द पुरवतो, यावर तो मोजावा लागतो. आणि अग्रलेखाची आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात यायला हवी. संपादकीय पान जिवंत असेल तर बातमीदारालाही जोर येतो, कारण आपली बातमी उचलून धरणारे वर कोणीतरी आहे हे त्याला ठाऊक असते. ते पान मेले की बातमीदार एकटा पडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी वाळू, जमीन, बदल्या यांवर लिहिणारा बातमीदार हा एकटेपणा रोज अनुभवतो. त्याच्याकडेच जाहिराती आणण्याचे कामही सोपवलेले असते. ज्या आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी त्याला भरायची आहे, त्याच आमदाराच्या ठेकेदारीची बातमी त्याने कशी द्यावी?

पैशाचे काय, हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. भांडवल आमचे, तोटा आमचा, मग काय छापायचे ते आम्ही का ठरवू नये? या प्रश्नाला उत्तर मी माझ्या मनाचे देत नाही. ते वृत्तपत्रांच्या मालकांनीच सर्वोच्च न्यायालयात दिलेले आहे. केंद्र सरकारने पानांच्या संख्येवर अंकाची किंमत बांधून देणारा कायदा १९५६ मध्ये केला आणि १९६० मध्ये त्याखाली हुकूम काढला. त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते एक मराठी दैनिक, पुण्याचे ‘सकाळ’. सरकारचे म्हणणे, हा धंद्याचा प्रश्न आहे, धंद्यावर निर्बंध घालता येतात. १९६१ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. किती वाचकांपर्यंत पोहोचायचे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, धंद्याचे नाव घेऊन त्यावर गदा आणता येणार नाही, असा निकाल झाला. पुढे १९७२ मध्ये न्यूजप्रिंटच्या धोरणात पानांवर दहाची मर्यादा आली, तेव्हा ‘महाराष्ट्र टाइम्स’ ज्या कंपनीचा, तीच बेनेट कोलमन कंपनी न्यायालयात गेली आणि जिंकली. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य हे वाचकांचेही स्वातंत्र्य आहे, हा त्या निकालाचा गाभा. तळवलकर तेव्हा चार वर्षांपूर्वी संपादक झालेले होते. मालकांनी त्या वेळी न्यायालयाला सांगितले की आमच्याकडे निव्वळ धंदा म्हणून पाहू नका. न्यायालयाने ते मानले, आणि तुम्ही आजही त्या निकालांच्या सावलीत उभे आहात. सरकार अंगावर आले की आम्ही लोकशाहीचा स्तंभ, आणि संपादकाने हक्क मागितला की हा आमचा खासगी धंदा, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही. जे संरक्षण वाचकाच्या नावाने मिळाले, त्यातला वाचकाचा वाटा तुम्हाला द्यावा लागेल. तो वाटा म्हणजे मजकुराची निवड करणारा एक स्वतंत्र माणूस.

निवड त्या माणसाच्या हातून सुटली की काय होते, ते आपण पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका बड्या नेत्याची तारीफ करणारे लेख वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखे छापून आले. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून ते उघड केले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत एकच मजकूर आला तर तो कोणत्या संपादकाने निवडला म्हणायचा? प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने विकत घेतलेल्या बातम्यांवर ७१ पानांचा अहवाल तयार केला. तो पूर्ण रूपात लोकांसमोर यायला २०११ साल उजाडावे लागले, आणि तेही माहिती आयोगाच्या आदेशानंतर. ते लेख छापून आले त्या दिवशी त्या सर्व दैनिकांच्या शेवटच्या पानावर संपादकाचे नाव होतेच. ती ओळ रोजच्यासारखीच छापली गेली होती.

आता मी स्वतःलाही अवघड जाणारा आक्षेप घेतो. संपादकाला इतकी सत्ता आणि इतकी वर्षे दिली तर तो मठाधिपती होत नाही का? होतो. तळवलकरांबद्दलही असे बोलले जाई की ते दुरून बोलत, कोणाला जवळ येऊ देत नसत. यशवंतराव चव्हाणांविषयी त्यांना आदर होता आणि तो लेखणीतून दिसतो, हेही लोकांनी बोलून दाखवले. मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या खिडकीतून त्यांनी महाराष्ट्र पाहिला, ही टीका मला बऱ्याच अंशी पटते. त्यांच्या पानांवर गोखले आणि रानडे यांची जितकी वर्दळ आहे, तितकी फुल्यांची किंवा सत्यशोधकांची नाही. पण या टीकेतून निष्कर्ष काय काढायचा? एका संपादकाची दृष्टी अपुरी होती, म्हणून दुसरी दृष्टी असलेले संपादक हवेत, हा निष्कर्ष बरोबर आहे. एकाची दृष्टी अपुरी होती म्हणून कोणालाच दृष्टी नको, खुर्ची रिकामी ठेवू आणि जाहिरात विभागाकडे चाव्या देऊ, हा निष्कर्ष चूक आहे. आज दुसराच निष्कर्ष अमलात येतो आहे आणि त्यासाठी पहिल्या टीकेचा आडोसा घेतला जातो, याचे मला वाईट वाटते.

शिवाय संपादकाचा अभ्यास आणि त्याचा अधिकार ही उच्चवर्णीय मुंबई-पुण्याची मक्तेदारी होती, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे गाव आहे. तिथून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचाराचे साप्ताहिक चालवले. १९१० मध्ये ते सुरू झाले आणि १९६७ मध्ये मुकुंदराव गेले तोवर चालले. सत्तावन्न वर्षे. जगाच्या दुसऱ्या टोकाला मँचेस्टरमध्ये सी. पी. स्कॉट हे ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक होते, तेही १८७२ ते १९२९ असे सत्तावन्न वर्षेच. एकाच्या मागे इंग्लंडातले मोठे औद्योगिक शहर होते. दुसऱ्याच्या आजूबाजूला ज्वारी-बाजरीची शेते, आणि वर्गणीदार असे की ज्यांच्यातल्या अनेकांना अंक दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असणार. सावकारी, कुलकर्णी वतन, पुरोहितशाही यांवर मुकुंदरावांनी आयुष्यभर आसूड ओढला. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. रकानेच्या रकाने ते एकहाती लिहीत, आणि त्या लेखांतला व्यासंग आजच्या कोणत्याही संपादकाला खाली मान घालायला लावील. ही दोन्ही पत्रे पैशाच्या ओढाताणीत बंद पडली. भांडवल नसलेल्या समाजातल्या संपादकाकडे बुद्धी आणि धाडस दोन्ही होते. त्याला टिकायला जागा नव्हती. तुमच्याकडे भांडवल आहे. ‘बहिष्कृत भारत’च्या परंपरेतला एखादा अभ्यासू माणूस आज एखाद्या मोठ्या मराठी दैनिकात पंधरा वर्षे संपादक राहिला, तर मराठी पत्रकारितेचा नकाशा बदलेल. तळवलकरांच्या बाबतीत एका मालकाने जे केले ते दुसऱ्या दृष्टीच्या माणसाच्या बाबतीत करून दाखवणे, हे त्यांच्यावरच्या टीकेला खरे उत्तर होईल.

मठाधिपती होण्यावर उपायही ठाऊक असलेले आहेत. ‘द हिंदू’ने २००६ मध्ये वाचकांचा संपादक नेमला. वाचकाची तक्रार ऐकायची, चूक मान्य करायची आणि ती अंकात छापायची, एवढेच त्याचे काम होते. त्याला मुख्य संपादकाच्या हाताखाली ठेवलेले नव्हते. संपादकाला अधिकार द्यायचा आणि त्याच्यावर वाचकाचा वचकही ठेवायचा, हे दोन्ही एकाच छताखाली जमते. मुदत ठरवून द्यायची, हाही एक उपाय. पाच वर्षे, आणि काम चांगले असेल तर पुन्हा पाच. मधल्या काळात हलवायचे असेल तर कारण लेखी आणि उघड.

मुदतीची ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराला कामावरून कमी करताना तीन महिन्यांची नोटीस सांगितली होती आणि संपादकाला सहा महिन्यांची. संसदेने संपादकाला मुद्दाम वेगळे काढले होते. ही खुर्ची अचानक रिकामी करण्यासारखी नाही, हे त्या काळच्या लोकप्रतिनिधींना कळत होते. पुढे वेतन मंडळांची पगारश्रेणी चुकवण्यासाठी कंत्राटी नेमणुका आल्या. मजिठिया मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या, पण तोवर बहुतेक वृत्तदालने कंत्राटावर गेली होती. २०२० च्या कामगार संहितांत १९५५ चा तो कायदाच विरघळून गेला. आता संपादकाचे कंत्राट वर्षाचे किंवा दोन वर्षांचे असते, आणि ते पुढे चालू राहील की नाही याची काळजी करणारा माणूस बारा खंडांची कागदपत्रे वाचायला बसत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरचे हप्ते भरायचे असतात, मुलांचे शिक्षण असते. तळवलकरही पगारदारच होते. फरक एवढा, की पुढच्या वर्षी आपण या खुर्चीत असू हे त्यांना माहीत होते.

तुमच्याकडून मी फार मोठे काही मागत नाही. पुरस्कार द्या, व्याख्यानमाला भरवा, स्मृतिग्रंथ काढा, त्याला माझी ना नाही. पण त्याआधी संपादकाच्या नेमणुकीचे पत्र बदला. त्यात मुदत घाला. मजकूर आणि जाहिरात यांच्यातला शेवटचा शब्द त्याचा, असे एक कलम घाला. बातमीसारखी दिसणारी जाहिरात त्याच्या सहीशिवाय पानावर चढणार नाही, हे लिहून द्या. बातमीदाराला जाहिरातीच्या उद्दिष्टातून मोकळे करा. दर आठवड्याचे काही तास संपादक फक्त वाचेल आणि ते तास कोणी बैठकीसाठी मागणार नाही, हेही ठरवा. आणि हे सारे वाचकाला कळू द्या, कारण गुपचूप दिलेला अधिकार गुपचूप काढूनही घेता येतो.

कळवायला जागा शोधावी लागणार नाही. शेवटच्या पानावरची ती ओळ आहेच. संपादकाच्या नावापुढे, चांदणीच्या खुलाशाशेजारी, चार शब्द मावतील इतकी जागा तिच्यात निघेल: नेमणूक अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. ज्या दिवशी तुमच्या दैनिकात ते चार शब्द छापून येतील, त्या दिवशी मी अंक शेवटच्या पानापासून वाचायला घेईन.

आपला,
एक वर्गणीदार वाचक